फ्रीजमधली ऊब

“गेनबा, फ्रीजमध्ये अंडी ठेवतात ती खायची. जगवायची अंडी कोणी फ्रीजमध्ये ठेवत नाही,” कादरभाई म्हणाले आणि त्यांनी बादलीवरचं ओलं गोणपाट उचललं. आत पाहिलं, आणि गोणपाट होतं तसं खाली सोडलं. “ही कोंबडीची नाहीत.”

“न्हाईच हायेत. नागिणीची हायेत.”

दुकानात एक बाई मिक्सर घ्यायला आल्या होत्या. त्या मिक्सर न घेताच गेल्या.

बिबवेवाडीत कादरभाईंचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. धायरीचा गेनबा त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या वावरात आता बिल्डरांचे खांब उभे राहिले होते. उरलेल्या तुकड्यावर तो स्वतःचं घर बांधायला निघाला होता. सकाळी जेसीबीने शेणखताचा जुना उकिरडा उचलला, तेव्हा अंड्यांना वेटोळं घालून बसलेली नागीण मधोमध तुटली. गेनबाची म्हातारी आई, तुळजाबाई, त्या उकिरड्याशेजारी जी बसली ती उठेचना. ती नागीण म्हणजे वावराची राखणदार. दर नागपंचमीला म्हातारी तिला हळदकुंकू वाहायची. आता तिचं एकच म्हणणं होतं: हिची पिल्लं जगल्याबिगर पायाचा दगड पडायचा नाही.

“आय म्हनली, कादरकडं घिऊन जा. त्यानं आपला मेल्याला फ्रीज जिता केला हुता.”

“अरे, त्यात फक्त गॅस भरला होता मी!”

“तिला काय ठावं? तुम्हीच सांगा तिला न्हाई म्हनून.”

तेवढ्यासाठी कादरभाई संध्याकाळी स्कूटर काढून धायरीला गेले. त्यांनी बेत पक्का केला होता. मावशी, हे माझं काम नाही, असं गोड शब्दांत सांगायचं आणि चहा पिऊन निघायचं. म्हातारी उकिरड्याच्या कडेला मातीतच बसलेली होती. तिने यांना पाहिलं आणि नुसतंच विचारलं, “येक तरी जगंल का रं बाबा?” कादरभाईंनी तोंड उघडलं आणि ते म्हणाले, “एक तरी आणून देतो, मावशी. शब्द देतो.”

नाही म्हणायला गेलेला माणूस शब्द देऊन परत आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण कादरभाईंची जातकुळीच अशी. दिलेल्या शब्दापायी त्यांनी एकदा एका शाळेचा वॉटर कूलर पदरमोड करून तीनदा खोलला होता.

घरी जुबेदाने बादलीकडे पाहिलं आणि ती दारातच उभी राहिली. एरवी नवराबायको दखनीत बोलत, पण जुबेदाचं माहेर सासवडचं. भांडायचं झालं की ती मराठीत यायची.

“ही बला माझ्या घरात?”

“अंडीच तर आहेत.”

“आंब्याची कोय पण आधी कोयच असते. मग झाड होतं.”

“एक-दोन महिन्यांचा प्रश्न आहे.”

“मग मी एक-दोन महिने सासवडला जाते.”

गेली नाही. परसातल्या कोंबड्यांना दाणे कोण घालणार, असं म्हणाली.

कादरभाईंनी श्यामसुंदर पटवर्धनांना गाठलं. हे गृहस्थ बँकेत नोकरी करत आणि सुट्टीत लोकांच्या घरांतले साप पकडून रानात सोडत. “माझ्याकडे साप ठेवायला पिशव्या आहेत, अंडी उबवायला काही नाही,” ते म्हणाले. “पेटी तुम्ही करा. काय हवं ते मी सांगतो. वनखात्यालाही मीच कळवतो. पिल्लं बाहेर आली की मात्र मला बोलवायचं. ती जन्मतःच विषारी असतात, आणि आपल्या भावना त्यांना कळत नाहीत.” मग त्यांनी अंडी पाहिली, ताजी आहेत म्हणाले, आणि एकेकावर वरच्या बाजूला पेन्सिलीने हलकी फुली मारली. “आता ही फुली कायम वर राहिली पाहिजे. कोंबडीच्या अंड्यासारखी ही फिरवायची नाहीत. आतला जीव वर चिकटलेला असतो. उलटा केला की गुदमरतो.”

आयुष्यभर लोकांचं पाणी गार करत आलेला माणूस आता ऊब करायला बसला. दुकानात एक मेलेला फ्रीज होता, कॉम्प्रेसर काढून घेतलेला. पण भिंती जाड, दार घट्ट. ऊब काय आणि गारवा काय, फ्रीजच्या भिंतीला दोन्ही सारखंच. जे आत आहे ते तिने धरून ठेवायचं. कादरभाईंनी त्याला हवेसाठी भोकं पाडली. तळाला पाण्याचा ट्रे ठेवून त्यात माशांच्या टाकीतला हीटर सोडला. पाणी ठरावीक कोमट झालं की तो आपोआप बंद व्हायचा. वर जाळी, जाळीवर प्लॅस्टिकचा डबा, डब्यात ओलसर काथ्याचा भुसा आणि त्यात अंडी. पहिल्याच दिवशी वाफेचे थेंब अंड्यांवर पडायला लागले, तेव्हा त्यांनी डब्यावर काच तिरकी बसवली. थेंब घरंगळून कडेला जाऊ लागले. या तिरक्या काचेचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी जुबेदाला हाक मारून ती दाखवली.

“छान,” ती लांबूनच म्हणाली. “माझ्या खिडकीची काच कधी बसवणार?”

मे महिन्यात उकाडा इतका की ऊब कमी करायचंच काम होतं. हीटर बंद ठेवायचा, फ्रीजवर ओलं गोणपाट टाकायचं, दार किलकिलं करायचं. पुढे पावसाने हवा गारठली आणि भारनियमन मात्र तसंच राहिलं. वीज गेली की कादरभाई हातातलं काम टाकून उठत आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ट्रेशेजारी लावत. गिऱ्हाईक बोंबललं तर म्हणत, “तुमचं बर्फ विकत मिळतं हो. यांची ऊब मिळत नाही.” असला वेडेपणा मनापासून करणाऱ्या माणसाला हसावं की त्याच्या पाया पडावं, हे शेजाऱ्यांना ठरवता येत नव्हतं. दुकानावर मात्र कामं घेऊन येत राहिले.

जुबेदाही नकळत त्यात ओढली गेली. आधी ती नुसती लांबून तापमापकाचा काटा बघायची. मग हे दुरुस्तीला बाहेर असले की यांना फोन यायचा, “अहो, काटा खाली आलाय.” मग फोन न करता तीच बाटल्या भरायला लागली. कादरभाई मनातल्या मनात खूश झाले. बोलून कौतुक करायची सवय मात्र त्यांना नव्हती.

आणि एका दुपारी त्यांनी डबा उघडला, तेव्हा पुढच्या अंड्यांवर फुल्या दिसेनात. एका अंड्याखालचा भुसा त्यांनी बोटाने अलगद सारला आणि वाकून पाहिलं. फुली तळाला होती.

जुबेदा मागे बाटली घेऊन उभी होती.

“तू फिरवलीस?”

“रोज फिरवते,” ती अभिमानाने म्हणाली. “तुम्हाला कुठं सुचणार? कोंबडी चोचीनं फिरवते ना अंडी. नाही फिरवली तर पिल्लू एका अंगाला चिकटून मरतं. मागची फिरवता आली नाहीत. ती एकमेकांना चिकटलीत. म्हटलं, फुटतील.”

कादरभाईंनी काच परत डब्यावर बसवली. तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि बाटली खाली ठेवली.

“काय झालं?”

त्यांनी सांगितलं. जुबेदाने आपल्या हातांकडे पाहिलं. कोंबड्यांच्या कितीतरी पिढ्या त्या हातांनी वाढवल्या होत्या, आणि त्याच हातांनी हे झालं होतं.

“ओरडा ना माझ्यावर,” ती म्हणाली.

“कशाला? फुल्या कशासाठी, हे मला श्यामसुंदरांनी सांगितलं होतं. मी तुला सांगितलं का? ‘हात लावू नकोस’ एवढं म्हणालो. तेच सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणतो. सांगायला मला तोंड होतं, जुबेदा.”

त्यानंतर फिरवलेली अंडी एकामागून एक खचत गेली. पिवळी पडली, त्यांना बुरशी धरली. कादरभाई ती चमच्याने उचलून बाजूला घेत आणि जुबेदा ती फडक्यात ठेवी. कचऱ्यात टाकायला तिचा हात धजेना. मागच्या चिकटलेल्या गठ्ठ्याकडे दोघंही आता श्वास रोखून पाहत. नवऱ्याचा शब्द जातो की राहतो, याचा घोर त्याच्याहून तिलाच जास्त लागला होता. नमाजानंतर ती काय मागते हे कादरभाईंना ठाऊक होतं, आणि नागाच्या पिल्लांसाठी अल्लाकडे साकडं घालणारी बायको आपल्याला मिळाली, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं.

एका सकाळी गठ्ठ्यातल्या एका अंड्याला चीर दिसली. चिरेतून एक इवलंसं तोंड बाहेर आलं, जीभ लवलवली, आणि जुबेदा इतक्या मोठ्याने रडली की शेजारी धावत आले. संध्याकाळपर्यंत श्यामसुंदरांच्या बरणीत तीन पिल्लं होती. बरणीवर टिचकी बसली की ती वीतभर पिल्लं अंग उभं करून फणा काढत होती.

दुसऱ्या दिवशी सगळे धायरीला गेले. पिल्लं पुढे डोंगरापलीकडे सोडायची होती, पण आधी म्हातारीला दाखवायची होती. जुबेदा, बोलावलं नसताना, फडक्यातलं गाठोडं घेऊन रिक्षात बसली.

तुळजाबाईने बरणी दोन्ही हातांत धरली आणि पिल्लं मोजली. मग विचारलं, “बाकीची?”

कादरभाई पुढे झाले. “वीज जायची हो, मावशी. ऊब टिकायची नाही. त्यात गेली.”

“वीज नव्हती गेली,” जुबेदा म्हणाली. “मी मारली.”

“जुबेदा...”

“तुम्ही गप्प बसा.” ती म्हातारीसमोर उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. कोंबडीचं, रोज फिरवायचं, सगळं. गाठोडं तिने पुढे धरलं. “त्यांनी शब्द पाळला, मावशी. चूक माझी.”

तुळजाबाईने गाठोडं घेतलं. उघडलं नाही. “कोंबडीवानी फिरवलीस?”

“हो.”

“अगं, मी तरी काय येगळं केलं असतं?” म्हातारी म्हणाली. तिने ते मेलेल्या अंड्यांचं गाठोडं पायाच्या चरात, कोपऱ्यात ठेवलं आणि हाताने माती लोटली. मग ओरडली, “गेनबा, दगड आण!”

गेनबाने घडवलेला दगड आणला आणि आईपुढे ठेवला. तिने जुबेदाला खूण केली. “तू बसीव.”

“माझ्या हातानं नको, मावशी. या हातानं...”

“त्याच हातानं बसीव.”

जुबेदाने पदर खोचला. दगड जड होता. गेनबा हात लावायला आला, तिने मानेनेच नको म्हटलं. चरात उतरून तिने दगड मातीवर बसवला, हलत नाही ना ते पाहिलं, आणि दोन्ही तळवे त्यावर ठेवून ती तशीच वाकून राहिली.