आत न घेतलेला जावई

"आई, लिव्हिंग्स्टनला कुठल्या महिन्यात यावं गं? प्राणी कधी जास्त दिसतात?" चिलेशेने नॉर्वेहून फोनवर विचारलं.

सहा वर्षांनी लेक माहेरी येणार, आणि महिना विचारते तो हत्तींच्या सोयीचा. मला हसू आलं आणि रागही आला. दोन्ही गिळून मी म्हटलं, "ऑगस्टमध्ये ये. गवत वाळलेलं असतं, रानातली डबकी आटलेली असतात, सगळी जनावरं नदीवर येतात. ऑक्टोबरपर्यंत थांबलीस तर ऊन भाजून काढेल, आणि सीमेच्या आपल्या बाजूच्या धबधब्यात नुसते खडक उरतील."

"तुझ्या नातीला हत्ती बघायचेत."

"हत्तींचं मेलं काय कौतुक! मागच्या वर्षी एकाने मागची भिंत पाडली आणि माझे सगळे कोबी खाऊन गेला."

ती खूप हसली. मग म्हणाली, "आणि राहायचं कुठे?"

"नदीकाठी चांगली लॉज आहेत की," मी म्हणाले.

दुसरं काय म्हणणार? आमच्या बेंबा लोकांत सासू आणि जावई एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. तो रस्त्यात समोरून आला तर मी वाट सोडायची. एका छपराखाली जेवायचं नाही, झोपायचं तर नाहीच. त्याचं नावही मी घेत नाही, इथेही घेणार नाही. पण हे काही जन्मभराचं नसतं. जावई लेकीला नीट नांदवतोय असं दिसलं की एक दिवस सासूकडच्या बायका जमतात, रांधतात, गाणी म्हणत त्याच्यापुढे भांडी मांडतात आणि हाताला धरून त्याला घरात आणतात. याला आम्ही जावयाला आत घेणं म्हणतो. त्यानंतर तो घरचा. खुशाल येवो, जेवो, पाय पसरून झोपो.

मला वाटलं, चिलेशे लगेच म्हणेल, मग आई, त्याला आत कधी घेतेस?

ती म्हणाली, "बरं झालं बाई. मीही लॉजच म्हणत होते."

तुम्ही म्हणाल, मग तूच का नाही बोललीस? हे बोलणं सासूने स्वतःच्या तोंडाने करायचं नसतं. जावयाकडचा मध्यस्थ असतो, निरोप त्याच्यामार्फत जातो. यांचं लग्न तिकडे कुठल्या कचेरीत सह्या करून झालं, मध्यस्थ कोण असणार? शिवाय आत घेतात त्या दिवशी जावई सासूला भेटवस्तू देतो. मग मी आपण होऊन बोलवायचं म्हणजे हात पसरणंच झालं. माझी जीभ रेटली नाही.

तयारी मात्र मी थांबवली नाही. पुढच्या खोलीला चुना लावला. नवी गादी आणली. दोन कोंबडे असे पोसले की गल्लीतली कुत्री त्यांना वचकून राहायला लागली. जावयापुढे कोंबडा अख्खा ठेवावा लागतो, एक तुकडा कमी चालत नाही. किटवे शहरात राहणाऱ्या माझ्या बहिणीला सांगून ठेवलं, गाणी म्हणायला यावं लागेल, आवाज जपून ठेव.

सरळच सांगते. मला त्यांच्या हत्तींशी काही देणंघेणं नव्हतं. नवरा गेल्यापासून मी एकटीसाठी मक्याच्या पिठाचा नशिमा शिजवते आणि तो पुरा खाववत नाही. लाइट जाते तेव्हा शेगडीपाशी बसून मी स्वतःशीच मोठ्याने बोलते, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. माझी नात एक रात्र माझ्या घरात झोपावी, एवढंच मला हवं होतं. तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायचं होतं. बाकी जग गेलं तरी चालेल.

हे सगळं शेजारच्या जेरेला कळलं, कारण त्याला कुंपणापलीकडचं सगळंच कळतं. जेरे न्गोनी जमातीचा आहे. बेंबा आणि न्गोनी पूर्वी एकमेकांशी लढले, म्हणून आता एकमेकांची टिंगल करण्याचा हक्क आम्हाला मिळालाय, आणि कुणी कुणाचं मनाला लावून घ्यायचं नाही.

"काय गं माकडखाऊ," तो कुंपणावरून म्हणाला, "हे कोंबडे कुणासाठी? तुम्हा लोकांना तर झाडावरचं लागतं."

"उंदीरखाऊंनी नाक खुपसू नये. बिळात जा."

"जावयासाठी ना? मग सांग की पोरीला."

"मी कशी सांगू?"

"मग मी सांगतो. मला कसली आलीय लाज?"

मी त्याला पळवून लावलं. पण खरं सांगू? मनातून वाटलं, सांगू दे मेल्याला. मध्यस्थ नाही तर नाही, न्गोनी तरी आहे.

रविवारी चर्चहून आल्यावर चिलेशेचा फोन आला तेव्हा जेरे माझ्याच ओट्यावर चहा पीत बसला होता. फोनचा आवाज मी मोठा ठेवलेला, कान आता पूर्वीसारखे नाहीत. चिलेशे बेत सांगत होती. नदीवर होडीतून फेरी, पार्कमध्ये गेंडे, मग सीमा ओलांडून चोबेच्या अभयारण्यात दोन दिवस, कारण तिथे हत्तींचे मोठमोठे कळप असतात. आठही रात्री लॉजच्या.

"आणि तू एक दिवस लॉजवर जेवायला ये, आई."

जावयाबरोबर एका टेबलावर! मी "बघू" म्हटलं. तेवढ्यात जेरेने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"ए माकडखाऊंच्या पोरी! तुझ्या आईने चुना लावलाय, गादी आणलीय, कोंबडे पोसलेत. तिला जावयाला आत घ्यायचंय. रोज वाट बघत रडते ती. लॉज सोड आणि घरी झोप!"

शब्द न् शब्द खरा होता.

आणि चिलेशे खो खो हसत सुटली.

तिचं तरी काय चुकलं? तिच्या बापाच्या दफनाच्या वेळी हाच जेरे शवपेटीपुढे आडवा पडून ओरडत होता, "हा माझी कोंबडी खाऊन पळालाय, उठवा त्याला!" आणि रडणारी माणसंही हसत होती. न्गोनी माणूस बेंबाच्या घराबद्दल खरं बोलतोय, हे आमच्यात कुणाच्या डोक्यात येणार?

"जेरेकाका, तुम्ही अजून तस्सेच!" ती हसत म्हणाली. "आई आणि रडते? जावयाला घरात झोपवणार, आणि तेही माझी आई!"

जेरेने फोन माझ्या हातात दिला. आणि हाताने खुणावत राहिला, बोल, आता तरी बोल.

मी तोंड उघडलं, पण तिकडे फोन नातीने घेतला होता. तिला आमची भाषा मोडकीतोडकी येते.

"आजी, तू कुठल्या लॉजमध्ये राहतेस?"

"मी घरात राहते, सोन्या. माझ्या स्वतःच्या घरात."

मग आईकडे वळून तिने विचारलेलं मला ऐकू आलं, "आजीचं घर आपण बघणार आहोत का?"

"हो तर," चिलेशे म्हणाली आणि पुन्हा फोनवर आली. "आई, मी विसरले नाहीये हं. जावयासमोर तुला किती अवघडतं ते मला माहीत आहे, म्हणून तर लॉज घेतलं. चोबेहून परतताना दुपारी अर्धा तास तुझ्याकडे थांबू. मी आणि पोर आत येऊ. तो बाहेर गाडीतच बसेल, तू अजिबात काळजी करू नकोस. चालेल ना?"

किती समजून उमजून वागत होती माझी लेक. दार बंद असतं एवढं ती शिकून गेली होती. ते उघडतातही, हे बघायला ती इथे राहिलीच नाही.

"चालेल," मी म्हटलं. "पण दुपारचं ऊन फार असतं गं. त्याला म्हणावं, गाडी सावलीत लाव."