डाव्या चाकाची टकटक

मी एक जुनी, फिकट हिरवी मोटार आहे. मित्रांनो, ‘जुनी’ हा शब्द मी आधीच सांगून टाकला, कारण माझ्याबद्दल बोलताना लोक तेवढंच म्हणतात आणि मोकळे होतात. मला त्या शब्दाची आता शिसारी येते. का, ते पुढे कळेलच.

कारखान्यात माझी जुळणी होत होती, तेव्हा एका बाईने माझ्या पुढच्या चाकांचे सांधे बसवले. तुमच्या खांद्यात हाडाचा गोळा जसा खोबणीत फिरतो, तसा माझ्या चाकापाशी लोखंडाचा गोळा असतो. त्याला बॉल जॉइंट म्हणतात. आत वंगण आणि वर रबराची टोपी. टोपी कुठे दुमडली तर नाही ना, हे त्या बाईने कडेने बोट फिरवून पाहिलं आणि मगच मला पुढे सोडलं. तेवढ्या निगुतीने मला पुन्हा फार थोड्यांनी हात लावला.

त्या थोड्यांपैकी एक म्हणजे माझे पहिले मालक. दर आठवड्याला ते पाण्याची नळी घेऊन माझ्या चाकांमागचा चिखल काढत. “हिचं स्टिअरिंग एका बोटाने फिरतं,” असं शेजाऱ्यांना सांगत आणि मी मनातल्या मनात फुगून जाई. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि माझी किल्ली सुनेच्या हातात आली.

सूनबाई दातांच्या डॉक्टर. दवाखान्यात त्यांचं सगळं लखलखीत असेल, पण माझ्या पोटात काय होतं म्हणता? सीटखाली चिकटवलेलं च्युइंगगम, त्यांच्या दोन्ही मुलींचे ओले मोजे, सांडून आंबलेलं दूध. शी! त्यावर त्यांच्या यजमानांनी उपाय काय केला, तर आरशाला सुगंधी पुडी टांगली. आंबलेलं दूध आणि गुलाब यांचा एकत्र वास कधी घेतला आहे का? घेऊ नका.

पुढे एका खड्ड्यात माझ्या डाव्या चाकाची टोपी फाटली. वंगण गळून गेलं, आत माती आणि गटाराचं पाणी शिरलं. काळा, कचकचीत लगदा झाला आणि तो माझा सांधा आतून कुरतडू लागला. मला माझीच किळस येई.

मला बोलता येत नाही. मी गतिरोधकावर आवाज केला. टक-टक. यजमान म्हणाले, “जुनी गाडी म्हटल्यावर आवाज येणारच,” आणि त्यांनी रेडिओ मोठा केला. मग मी स्टिअरिंग डावीकडे ओढू लागले. त्यांनी मला चाकं सरळ करून देणाऱ्याकडे, म्हणजे अलाइनमेंटवाल्याकडे नेलं. त्याने यंत्र लावलं, पडद्यावर आकडे हिरवे झाले, सगळे खूश! पण सांधाच खिळखिळा असताना चाक सरळ राहणार कसं? नव्या टायरची आतली कड बघता बघता झिजली. यजमानांनी टायरवाल्याला शिव्या घातल्या आणि पुन्हा आकडे हिरवे करून आणले. चाक उचलून हलवून बघावं, हे मात्र कुणाच्याही डोक्यात आलं नाही. या हिरव्या आकड्यांचाही मला वीट आला.

सगळ्यात वाईट म्हणजे मुलींनी माझ्या टकटकीचा खेळ केला. टक-टक झालं की दोघी टाळ्या वाजवत. मी कळवळून ओरडत होते आणि मागच्या सीटवर ठेका धरला जात होता!

मला हसू येत नव्हतं, मित्रांनो. त्यांच्या शाळेच्या वाटेवर मोठा उतार आहे आणि उताराच्या तळाशी पुलाचं वळण. सांधा तिथे निसटला असता, तर चाक आडवं पडलं असतं आणि डॉक्टरबाईंनी स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी मी वळले नसते. रोज सकाळी त्या दोघी पट्टे लावून मागे बसत आणि रोज मला वाटे, आज नको.

एकदा पुढच्या सीटवर शेजारच्या काकू होत्या. दाढ ठणकत होती, गाल सुजलेला. मुलींना शाळेत सोडून डॉक्टरबाई त्यांना दवाखान्यात नेणार होत्या. वाटेत त्यांनी काकूंना फैलावर घेतलं.

“काकू, अहो, किती दिवस गोळ्या खाऊन दुखणं दाबताय? आत कीड मुळापर्यंत गेली असेल!”

अस्सं! रेडिओ मोठा करणाऱ्या घरातून हे ऐकून मला ओकारीच यायची बाकी होती. तेवढ्यात उताराआधीचा गतिरोधक आला. टक-टक! मागे टाळ्या.

“अगं बाई, हे काय?” काकूंनी विचारलं.

“काही नाही हो. जुनी गाडी आहे, आम्हाला सवय झालीय.”

“मलाही झालीय की,” काकू गाल धरून म्हणाल्या. “दुसऱ्या बाजूने चावते.”

डॉक्टरबाईंनी रेडिओ बंद केला. मग मला बाजूला घेऊन उभंच केलं. समोर उतार होता.

“आई, शाळेला उशीर होईल,” थोरली म्हणाली.

“होऊ दे.”

त्यांनी मला वळवलं आणि अगदी सावकाश जवळच्या गॅरेजमध्ये नेलं. गॅरेजवाल्या वस्तादांनी जॅक लावून माझं चाक उचललं. आधी डावी-उजवी बाजू धरून हलवलं. काही नाही. मग वर-खाली धरून हलवलं. खट-खट!

“डॉक्टर, आत बसून ब्रेक दाबून धरा बरं. बेअरिंग ढिलं असेल तर आता हलायचं थांबेल.”

थांबलं नाही; म्हणजे दोष सांध्यातच. डॉक्टरबाई उतरल्या आणि त्यांनी स्वतः चाकाला हात घातला. डोळे मिटून हलक्या हाताने हलवून पाहिलं, जसा रोज दात हलवून पाहतात.

“मुळापासून हलतोय,” त्या पुटपुटल्या.

वस्तादांनी फाटकी टोपी सोलून काढली. आतला लगदा बघून, दिवसभर किडके दात बघणाऱ्या बाईंनी तोंड फिरवलं. “हे घेऊन उतार उतरत होता?” एवढंच वस्ताद म्हणाले. डॉक्टरबाईंनी मागच्या सीटकडे पाहिलं.

फोनवर यजमान म्हणत होते, “एकदा अलाइनमेंट करून घे ना!”

“अहो, आधी कीड काढतात, मग दात भरतात!” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नवा सांधा बसला आणि त्यानंतरच चाकं सरळ केली गेली. दुसऱ्या दिवशी तोच गतिरोधक आला. मागे दोघींनी हात वर धरले होते. मी अलगद पार झाले. आवाज नाही. हात तसेच हवेत.

“आई,” धाकटी घाबरून म्हणाली, “गाडी बिघडली!”

मित्रांनो, इतकी सवय लागते. सीटखालचं ते च्युइंगगम अजून तिथेच आहे, त्याचंही कुणीतरी कधीतरी बघेल. पण तुमच्या घरात एखादी वस्तू किंवा एखादं माणूस असं टकटक करत असेल, तर कृपा करून टाळ्या वाजवू नका. रेडिओ बंद करा आणि ऐका.