ताटावरचे ठोके

मूल जन्मल्यावर रडलं नाही की आमच्या भागात त्याच्या उशाशी काशाचं ताट बडवतात. आवाजानं जीव माघारी फिरतो म्हणे. नर्स म्हणून माझा अनुभव असा, की त्यानं फक्त नर्सचं डोकं फिरतं.

ब्याऐंशी साली ताडकळसजवळच्या एका वस्तीवर चांगुणाचं बाळंतपण करायला गेले. पोरगा झाला. निळसर, गपगार. पुसला, पाठ चोळली, तोंडातला चिकटा काढला, तरी ढिम्म. काळजाचे ठोके ऐकायला छातीला नळी लावली, तर ऐकू आलं ताट. चांगुणाची सासू नर्मदाबाई पळीनं ते जीव खाऊन बडवत होती.

"बंद करा ते!" मी ओरडले.

"न्हाई करायची," ती म्हणाली. हात चालूच.

भांडायला वेळ नव्हता. नळी बाजूला टाकली आणि नाळेच्या बुडाशी दोन बोटं धरली. ठोका लागला, पण फार सावकाश.

"वाजवायचंच हाय ना? मग माझ्या बोटाकडं बघून वाजवा. बोट आपटलं की एक टोला. मधी आगाऊपणा न्हाई."

पोराच्या नाकातोंडावर तोंड ठेवून मी हलके हलके फुंकर घालत राहिले. एका हातानं ठोका धरायचा, दुसऱ्या हाताचं बोट भुईवर आपटायचं. ठण्. मग बराच वेळ काही नाही. ठण्. शेजारी चांगुणा पुढच्या टोल्याची वाट बघत डोळे मिटून पडली होती.

"आई, असं मेल्यावानी का वाजवायलीस?" दाराबाहेरून चांगुणाचा नवरा भुजंग विचारायला लागला.

मग टोले जवळ यायला लागले. आणखी जवळ. शेवटी माझं बोट असं पळायला लागलं, की म्हातारीचा हात पुरेना. पोरगं लाल झालं, शिंकलं आणि अख्ख्या वस्तीला शिव्या घातल्यासारखं रडलं. मला हसूही आलं आणि रडूही.

"झालं, नर्मदाबाई. ठेवा ताट."

ती वाजवतच राहिली.

"अहो, रडायलंय की ते! ऐका तरी."

"माझं पहिलं बी रडलं हुतं," ती म्हणाली. "मग समद्यांनी ताट ठिवलं."

मी नाळ बांधून कापली. पोराला चांगुणाच्या कुशीत दिलं. म्हातारीचा हात भरून आला, तेव्हा ताट तिच्याकडून घेतलं आणि मी वाजवायला बसले.