मी बाक आहे, देव नव्हे

मित्रांनो, मी मुरबाडच्या बाजाररस्त्यावरचा सिमेंटचा बाक. आपली जीवनकथा सांगणारे बहुतेक जण म्हातारे असतात, अडगळीत पडलेले असतात आणि उसासे टाकत बोलतात. मी तसा नाही. मी भर फुटपाथवर आहे, धडधाकट आहे आणि मला बोलायची इतकी घाई झाली आहे की कुठून सुरुवात करू तेच कळेना!

माझा जन्म शहापूरजवळच्या एका साचेवाल्याच्या अंगणात झाला. खडी, वाळू, सिमेंट आणि पोटात लोखंडी सळया. साच्यातून निघाल्यावर आम्हा भावंडांना ओल्या गोणपाटात गुंडाळून रोज पाणी पाजत. पुढे एकेकाच्या वाटा फुटल्या. एक भाऊ किन्हवलीकडच्या शाळेत गेला. दुसरा स्मशानभूमीत गेला. त्याच्याकडे बसणारे येतात, पण हसत कोणी येत नाही. मला मात्र कोणी नेईना. माझ्यावर कधी कोण बसणार, या एकाच काळजीने मी उन्हात तापत होतो.

इकडे मुरबाडात एक बाई माझी वाट पाहत होती, हे मला काय ठाऊक! तिचं नाव सुंदराबाई. ती धसईहून एसटीने भाजी विकायला यायची. स्टँडपासून बाजारापर्यंत डोक्यावर पाटी, गुडघ्यांत कळ आणि मध्ये टेकायला जागा नाही. दुकानाच्या पायरीवर टेकली की दुकानदार तिला उठवायचे. त्यात पूजासाहित्यवाले धर्माशेठ सगळ्यांच्या पुढे. एकदा त्यांनी तिला भर उन्हात उठवलं, तेव्हा शेजारच्या शिलाईच्या दुकानात जाऊन ती रडली.

"निशी, उद्यापासून मी नाय येत गो. गुडघं आयकत नाय. धंदा बंद."

मशीन थांबवून निशिगंधा म्हणाली, "धंदा कशाला बंद करतेस मावशी? आपण रस्त्यावर बाक मागू. नगरपंचायतीत अर्ज देऊ."

"बसायला पण अर्ज?"

"रडल्याशिवाय आई पण पाजत नाय."

पहिल्या अर्जात दोघींनी 'बाजारपेठेत बाक द्यावा' एवढंच लिहिलं. तिथल्या अनिल नावाच्या अभियंत्यांनी विचारलं, "बाजारपेठ एवढी मोठी, बाक ठेवू कुठे?" मग निशिगंधाने दुसरा अर्ज केला. धर्माशेठच्या दुकानाजवळच्या जांभळीच्या झाडाखालची जागा नेमकी लिहिली, तिचा फोटो लावला. तिथे कोण थकून थांबतं ते लिहिलं. बाक ठेवूनही माणसांना चालायला वाट उरते, हे आपल्या शिलाईच्या टेपने मापून दाखवलं. आजूबाजूच्या सह्या घेतल्या. धर्माशेठ म्हणाले, "रिकामटेकडे बसतील, माजं दुकान झाकंल." बाक कुठवर येईल त्याची रेघ तिने खडूने ओढून दाखवली, तेव्हा कुठे त्यांचं पेन हललं. अर्जाची पोच तिने जपून ठेवली आणि अधूनमधून चौकशीला जात राहिली. ती चिकाटी नसती, तर मी अजून साचेवाल्याच्या अंगणातच असतो.

आणि एके सकाळी माझा टेम्पो मुरबाडात शिरला! काय तो आनंद सांगू मित्रांनो! जांभळीची सावली, समोर वाहता रस्ता, आणि हातात कुंकवाचा करंडा घेऊन सुंदराबाई. नवी वस्तू आली की पूजा करायची, ही आपली रीत. तिने मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, फूल वाहिलं. मी फुशारलो. आता ही बसणार!

पण बसण्याआधीच गिऱ्हाईकाने हाक मारली आणि ती पाटी घेऊन बाजारात गेली. तेवढ्यात घोळ झाला. झाडाखाली कुंकू लावलेलं काही दिसलं की आपल्याकडे हात आपसूक जोडले जातात. येणारा-जाणारा पाया पडू लागला. कोणी लाल कापड घातलं, कोणी उदबत्ती खोचली. लोक माझ्यापुढे चपला काढू लागले. धर्माशेठचे नारळ भराभर खपू लागले आणि ज्यांना मी नको होतो, तेच रोज सकाळी माझी आरती करू लागले. बसायला मात्र कोणी तयार नाही. सुंदराबाईसुद्धा माझ्याशेजारी पाटी घेऊन उभी राहायची.

"देवाच्या अंगावर कशी बसू?" ती म्हणायची. मला ओरडून सांगावंसं वाटे, अगं बाई, मी सिमेंट आहे! फार वाईट वाटायचं मला.

एक दिवस अनिलसाहेब पाहणीला आले. उदबत्त्या पाहून म्हणाले, "इथे कोणी बसत नसेल तर सोमवारी हा बाक स्टँडवर हलवतो. तिथे माणसं जमिनीवर बसतात." त्यांचं तरी काय चुकलं?

सोमवारी सुंदराबाई पहिल्या एसटीने आली. पाटी खाली ठेवली, तांब्याभर पाणी आणलं आणि पदराने माझं कुंकू पुसायला लागली.

धर्माशेठ धावत आले. "मावशी, काय करतंस? देव कोपंल."

"कुंकू मीच लावलं ना? मग मीच पुसतंय." तिने माझ्यापुढे हात जोडले. "तू देव असशील तर मला उठव. नाय उठवलंस, तर मी रोज बसन."

आणि ती बसली.

रस्ता थबकला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मित्रांनो, माझ्या सळयांतून आनंद सळसळत होता, नाचावंसं वाटत होतं. पण थोडा जरी हललो असतो, तर सारं फुकट गेलं असतं. मी जन्मात पहिल्यांदा इतका निश्चल राहिलो.

तिने पाय लांब केले. "बरं वाटलं गो," एवढंच ती निशिगंधाला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मला न्यायला अनिलसाहेब टेम्पो घेऊन आले तेव्हा तिच्या शेजारी दोन बायका आणि टोकाला एक आजारी म्हातारा बसला होता. साहेबांनी टेम्पो परत पाठवला. दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, धर्माशेठही हळूच येऊन टेकले.

तुमच्या रस्त्यावरही कोणी सुंदराबाई पायरीवरून उठवली जात असेल. तिच्यासाठी बाक मागा, जागा नेमकी सांगा, मिळेपर्यंत विचारत राहा. मिळाला की त्यावर थुंकू नका, नावं कोरू नका आणि कृपा करून हातही जोडू नका. आमची पूजा करायची एकच रीत आहे. या, बसा.