सहा वेळा

खुर्चीवर चढून तिने पोस्टरचा वरचा कोपरा भिंतीवर दाबला आणि चिकटपट्टी दातांनी खसकन तोडली. जुन्या धाटणीचं चित्र होतं: नारिंगी आकाश, करडा समुद्र आणि जहाजाच्या सपाट डेकवरून झेपावणारं नौदलाचं पंख्याचं विमान. खोलीतलं हे चौथं. पाचवं पलंगावर गुंडाळून पडलं होतं.

"कशाला जखमेवर मीठ चोळून घेतेस गं?" आई दारातूनच म्हणाली. "काढ ते सगळं. आत्या यायचीय आज."

"येऊ दे की. पोस्टर काही चावत नाहीत."

नौदलाच्या विमानशाळेतून तिला घरी पाठवल्याला तीन आठवडे झाले होते. तेव्हापासून घरात विमान हा शब्दही कुणी काढत नव्हतं. बातम्यांत एखादं दिसलं, की बाबा घाईघाईने चॅनेल बदलत. शेजारणीने विचारलं, तर आई "सुट्टीवर आलीय" म्हणून मोकळी होई. या चिडीचूप घराचा तिला वीट आला होता. ती नापास झाली होती, मेली नव्हती!

"लोक म्हणतील, काढून टाकलं आणि वर मिरवतेय."

"आई, चालत्या जहाजावर विमान उतरवायचं असतं. मी सहा वेळा उतरवलं, एकटीने. सातव्यांदा चुकले, साफ चुकले, आणि त्यांनी काढलं ते बरोबरच केलं. पण मग त्या सहांचं काय करू? पुसून टाकू?"

तेवढ्यात आईला बाजूला सारून बाबा आत आले. किती वेळ बाहेर उभे होते कोण जाणे. त्यांनी चारही चित्रं एकेक करून पाहिली, पलंगावरची गुंडाळी काखेत मारली आणि बाहेर निघून गेले.

"बाबा, फाडलंत तर दुसरं आणीन!"

आवाज कापला, याचाच तिला जास्त राग आला. मग बाहेरून हातोडीचे ठोके ऐकू आले. ती खुर्चीवरून उतरून धावली.

बैठकीत, सोफ्याच्या अगदी समोर, बाबा स्टुलावर चढून तेच पोस्टर भिंतीला ठोकत होते. दोन कोपरे झाले होते, तिसरा चालू होता. आत्या वेळेआधीच येऊन टपकली होती आणि पर्स मांडीवर धरून हे पाहत होती.

"दादा, अरे हे काय? अजून विमानंच?"

"सहा वेळा उतरवलंय तिने. चालत्या जहाजावर."

"पण तिला काढून टाकलं म्हणे."

"हो, काढलं," बाबा म्हणाले. "सातव्यांदा."

आणि मागे न बघता त्यांनी चौथ्या खिळ्यासाठी लेकीपुढे हात केला.