वचन आधी, घास नंतर

आमच्या घरचा कायदा माह्या बापानं केला. सावनेरकडच्या खेड्यातून तो ख्रिस्ती होऊन नागपुरात आला, अन् शास्त्र म्हणजे बायबल वाचता वाचताच अक्षरं शिकला. म्हणून वचन आधी, घास नंतर. पानावर बसायचं, त्या दिवशी पाठ केलेलं शास्त्रातलं वचन म्हणायचं, मगच भाकरीले हात लावायचा. चुकलं तर पान उचललं. मी तशीच वाढली, काही मेली नाही. चाळीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम केलं अन् दर रविवारी संडे स्कूल घेतलं. आमच्या चर्चमधल्या अर्ध्या लोकांची वचनं मीच घोटून घेतली आहेत. मग माहं, या प्रेमिलाबाईचं, तोंड कोणाले आवडो का न आवडो.

मालक लवकर गेले. पदरात एकच पोरगा, मनोहर. शाळेत हुशार, पण वचनाले बसला का अडखळे. मी त्याचं पान उचलून झाकून ठेवो. तो भिंतीकडे तोंड करून घोकत बसे, कधी कधी तसाच झोपून जाये. त्या दिवशी मीही जेवत नसो. पण हे त्याले कधी सांगतलं नाही. आईनं असं सांगतलं तर पोट्टं डोक्यावर बसते, असं मले वाटे. पुढं तो शिकला. शास्त्रपाठाच्या परीक्षेत तीन वर्षं पहिला आला. मी सगळ्या गल्लीले चहा पाजला.

मग त्याले कोराडीच्या वीजघरात नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, लग्न झालं, अन् त्याचं चर्च सुटलं. विचारलं तर म्हणे ड्यूटी असते. दर रविवारी कोणती ड्यूटी असते बाप्पा? घरात शास्त्राचं पुस्तक होतं, पण कपाटावर, अन् त्याच्यावर वीजघराच्या धुराड्यांची राख हा एवढा थर. ते पाहून वाटलं, बापानं गाव सोडून, भाऊबंद तोडून जे मिळवलं, ते माह्यासंग मातीत जाणार. मले दुसरी कशाचीच भीती नव्हती, एवढी एकच होती.

म्हणून नात हाती आली तेव्हा मी देवाचे आभार मानले. सून शोभा, तिचं दुसरं बाळंतपण जड होतं. सहा वर्षांची एस्तेर तीन महिने माह्याजवळ राहिली. मनोहरनं सोडतानाच बजावलं होतं, आई, हिले वचनाचं काही लावू नको. मी हो म्हटलं. अन् दुसऱ्या दिवशीच लावलं. जित्याची खोड, दुसरं काय. पोट्टी मोठी चलाख. दोनच डाव तिचं पान उचलावं लागलं, मग चुकलीच नाही. पंचवीस वचनं अन् मेंढपाळाचं अख्खं स्तोत्र पाठ करून ती घरी गेली. मी मनात म्हटलं, बापा, तुहं काम झालं.

पंधरा दिवसांनी मनोहर एकटाच आला. चपलाही काढल्या नाहीत, दारातच उभा राहिला. म्हणाला, पोरगी जेवायले बसली का हात मांडीवर ठेवून बसते. आई जेव म्हणते, बाप जेव म्हणतो, ती वचन म्हटल्याशिवाय जेवत नाही. एक शब्द इकडचा तिकडे झाला का स्वतःच उठून आपलं ताट ओट्यावर झाकून येते.

मले राग आला. मी त्याले फाडफाड बोलली. क्वार्टर मिळालं म्हणून देव नकोसा झाला, लहानपणी तुले खाऊ कोणं घातलं, सगळं काढलं.

मग मनोहर म्हणाला, "आई, मेंढपाळाचं स्तोत्र मले झोपेतही येते. देव काही कमी पडू देत नाही असंच आहे न त्याच्यात? ते म्हटलं का मले भूक लागते. अजूनही लागते."

तो गेला. मी आठ दिवस त्याच्यावर चिडून राहिली, अन् मग चिडता येईना. त्याचं ते भिंतीकडचं तोंड डोळ्यापुढून हटेना. मी चूक केली, हे साठाव्या वर्षी समजलं मले, अन् लई वाईट समजलं. शनिवारी कोराडीची बस पकडली.

मनोहर घरीच होता. शोभानं दुपारचं वाढलं. वरणभात, वांग्याची भाजी. एस्तेर माह्यासमोर बसली, एकदम ताठ. मी म्हटलं, "आज वचन नाही वं बाई. आता कधीच नाही. जेव तू."

तिनं मले नीट पाहिलं. "आजी, तू परीक्षा पाहून राहिली न?"

मी नाही म्हणत होती, तोवर तिनं डोळे घट्ट मिटले अन् स्तोत्र म्हणायले लागली, धावत सुटल्यासारखी. अख्खं म्हटलं. एक शब्द चुकला नाही. पण हात मांडीवरचा हलेना. ती माह्या तोंडाकडे पाहत बसली, बरोबर आलं का नाही म्हणून. मी जेव म्हटलं, पुन्हा म्हटलं, हात जोडले. तिची पापणी लवली नाही. वरण निवून गेलं. शोभानं तोंड फिरवलं.

मी पिशवी घेतली अन् उठली. कॉलनीच्या फाटकापाशी बसथांब्यावर जाऊन बसली. कोळशाचे ट्रक जात होते. बऱ्याच वेळानं मनोहर आला अन् बाजूले बसला.

"जेवली का गा ती?" मी विचारलं.

"जेवली," तो म्हणाला. "तू गेल्यावर."