सांगणारीची निळी शाल

पुढच्या सीटवर बसायचा हक्क सेराफीनाचा. यावर वाद घालायची हिंमत घरात कुणाचीच नव्हती. मागे बसलं की तिला मळमळायचं, आणि मळमळलं की ती देवाधर्माची गाणी सोडून भलतंच काही बोलायची. त्यामुळे गुरुवारी सकाळी सात वाजता, क्रोतोने शहराच्या खालच्या अंगाला असलेल्या त्या छोट्या गावातून सावेरियोची जुनी पांढरी पांदा गाडी निघाली तेव्हा मागच्या सीटवर अंड्याचे पाव, पाण्याच्या बाटल्या आणि खाकी कागदात बांधलेली एक निळी शाल एवढंच होतं.

"अगं, मांडीवर घे ना ती शाल. मागं वास लागेल," सावेरियो म्हणाला. बहिणीहून सहा वर्षांनी लहान. चाळीस वर्षं माशांची गाडी हाकली होती त्यानं, आणि हल्ली त्याची कुठलीही गाडी माशांचीच वाटायची.

"मग इतकी वर्षं धुतली का नाहीस गाडी?"

"धुतली की. तुझ्या साठाव्या वाढदिवसाला."

ती चौऱ्याहत्तरची होती.

गावाच्या टोकाला, भूशिरावर, जुन्या देवळाचा खांब उभा आहे. एकटाच. त्याचा जोडीदार कधीतरी भूकंपात पडला म्हणतात. त्याच्याजवळच मदर मेरीचं लहानसं चर्च. दर मे महिन्यात, सणाच्या रविवारी पहाटे, त्या चर्चच्या दारात दोन बाया समोरासमोर उभ्या राहून एक गाणं म्हणत. हरवलेल्या बाळ येशूला शोधत मेरीमाता वाटेनं निघते, भेटेल त्याला विचारते, आणि प्रत्येक जण तिला काहीतरी सांगतो. आधी कोळी, मग धनगर, कुंभार, पाव भाजणारी भटारीण, भिकारी, शिपाई, आणि सगळ्यांत शेवटी वाटेवरची परकी बाई. एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं. विचारणारी सेराफीना. सांगणारी एर्सीलिया. दोघींनी मिळून एकतीस वर्षं ते गाणं उभं केलं होतं.

मग एर्सीलियाचे गुडघे गेले. लग्न होऊन ती फार पूर्वीच पलीकडच्या समुद्राकडे, पेस्तुमच्या बाजूला, नवऱ्याच्या म्हशींच्या गोठ्यावर राहायला गेली होती. सणाला मात्र न चुकता यायची. सहा वर्षांपूर्वी तिनं फोन करून सांगितलं, "यंदा जमत नाही गं. तू तिथून विचार, मी इथून सांगते. फादरांना म्हणावं, फोन माइकजवळ धरा."

"देवाच्या दारात फोन?" सेराफीना म्हणाली. "यायचं तर ये, नाहीतर राहू दे." आणि तिनं फोन ठेवून दिला.

तेव्हापासून गाणं बंद. फेब्रुवारीत एर्सीलिया गेली. सेराफीना मातीलाही गेली नाही. थंडीचं निमित्त सांगितलं. निमित्त आहे हे तिला ठाऊक होतं, सावेरियोलाही ठाऊक होतं.

आणि आता फादर दोनातोंनी जाहीर करून टाकलं होतं, की या रविवारी कुठल्याशा जुन्या ध्वनिमुद्रणातलं गाणं कर्ण्यावरून लावू. निदान लोकांच्या कानावर तरी पडेल. सेराफीना तीन रात्री झोपली नाही. चौथ्या दिवशी एर्सीलियाच्या मुलाचा, जेरार्दोचा, फोन आला. "मावशी, आईनं जाण्याआधी एकीला सगळं शिकवलंय. सोमवारी ती कामासाठी सालेर्नोला जाणार. त्याआधी येऊन ऐका."

ही नक्की एर्सीलियाची नात, हे सेराफीनानं मनाशी ठरवूनच टाकलं. सांगणारीच्या खांद्यावरची शाल पेटीतून काढली, इस्त्री केली.

"मला एक सांग," समुद्राच्या कडेकडेनं गाडी हाकता हाकता सावेरियो म्हणाला. "एर्सीलियाच्या ओळी तुला पाठ आहेत. मग गावातल्या एखादीला तूच का शिकवत नाहीस?"

"मी विचारणारी."

"म्हणून काय झालं?"

"अरे, मेरीमातेनंच विचारायचं आणि तिनंच सांगायचं? ठाऊक होतं तर मग रडत हिंडली कशाला?"

त्यानं खिडकी खाली केली. रस्त्याच्या दोन्ही कडांना पिवळी फुलं माजली होती आणि निलगिरीचा वास गाडीतल्या वासाशी झगडत होता.

मेतापोंतोला त्यांनी देवळाच्या खांबांजवळ गाडी थांबवून पाव खाल्ले. रानात पंधरा खांब, दोन रांगांत, एकमेकांकडे तोंड करून उभे. सेराफीना चावता चावता थांबली.

"काय झालं? मीठ कमी आहे?"

"नाही. आपला बिचारा एकटाच आहे, नाही का?"

"दगड आहे गं तो."

"माहितीय मला दगड आहे ते. खा तू."

तिथून समुद्र सुटला, डोंगर लागले, बोगदे लागले. दुसऱ्या बाजूचा समुद्र दिसेपर्यंत साडेचार वाजले होते.

जेरार्दोचा गोठा पेस्तुमच्या जुन्या तटाला अगदी लागून. अंगणातून देवळांचे खांब दिसतात, उन्हात मधासारखे. जेरार्दोनं ताजं चीज पुढे केलं, कॉफी दिली, आणि आत हाक मारली. बाहेर आली ती पन्नाशीची एक उंच बाई. ओले हात पुसत होती.

"ही दोईना. रुमानियाची. आईचं शेवटची तीन वर्षं हिनंच केलं."

सेराफीनानं तिच्या मागे पाहिलं. आणखी कुणी येतंय का.

"आणि तुझी मुलगी?"

"ती मिलानला. तिला गाण्याबिण्यात रस नाही, मावशी."

सेराफीना उठली. शालीचं पुडकं काखेत मारून सरळ गाडीत जाऊन बसली. सावेरियो मागोमाग धावला.

"दोनशे मैल आलोय आपण!"

"ती क्रूसाची खूणसुद्धा उलटी करते, त्यांच्या पंथातल्यासारखी. उजव्या खांद्याकडून. पाहिलंस? कॉफीच्या आधी केली तिनं."

"देवाला पोचते ना पण? का तेही तूच तपासून आलीस वर जाऊन?"

ती समोर पाहत हळूच म्हणाली, "एर्सीलियानं हिला का शिकवलं असेल, सावे?"

"तू फोन ठेवलास म्हणून," तो म्हणाला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच बहिणीला असं बोलला.

सेराफीनानं काचेतून त्या खांबांकडे पाहिलं. मग पुडकं काखेतच धरून उतरली. दोईना दोरीवर चादरी वाळत घालत होती. तिच्यापासून दहा पावलांवर सेराफीना उभी राहिली, गळा खाकरला, आणि काही न सांगता सुरुवात केली. सूर सहा वर्षांपूर्वी होता तिथेच होता.

*कोळीदादा, कोळीदादा, जाळं जरा ठेव खाली,
माझ्या बाळाची पावलं इथल्या वाळूत का आली?*

चादर हातातच राहिली. दोईना वळली. आवाज जाड, 'र' जरा जास्तच खडखडीत, पण लय एर्सीलियाची. अगदी तिच्यासारखा मध्येच श्वास सोडून.

*आली असतील गं माये, लाट पुसून गेली सारी,
तूच पुढे जा विचारत, मी तर नुसता किनारी.*

सेराफीनानं धनगराला विचारलं. उत्तर आलं. मग तिनं मुद्दाम कुंभाराला गाळलं आणि थेट भटारणीला विचारलं. खोडच ती.

दोईना गप्प उभी राहिली.

"का? विसरलीस ना?"

"नाही, मावशी. तुम्ही कुंभाराला विचारलंच नाही."

"मग तू सांगून टाकायचं होतंस."

"न विचारता कसं सांगू? एर्सीलियामावशींनी बजावलंय. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मी विचारणारीच्या ओळी म्हणायला गेले की चमचा मारायच्या हातावर. माझा मुलगा चार वर्षांचा होता त्याला आजीपाशी ठेवून मी इकडे आले तेव्हा. आता एकोणीसचा आहे. म्हणून मला विचारायच्या ओळीच जास्त आवडायच्या. तर म्हणायच्या, 'त्या तुझ्या नाहीत. त्या तिकडे समुद्रावर एकीच्या आहेत. हट्टी आहे, पण येईल. ती आली की तू सांगायचं.'"

सेराफीनानं निमूटपणे कुंभाराला विचारलं. भटारणीला, भिकाऱ्याला, शिपायाला विचारलं. गोठ्यातली माणसं दाराशी येऊन उभी राहिली होती. जेरार्दोनं टोपी काढली होती. आणि शेवटचं कडवं आलं. एकतीस वर्षं तिनं ते म्हटलं होतं, आपल्याच गावच्या, आपल्याच गल्लीतल्या एर्सीलियाकडे पाहून.

*वाटेवरच्या परक्या बाई, तुझी बोली मला कळेना,
माझं बाळ पाहिलंस का? पुढे पाऊल टाकवेना.*

*बोली वेगळी गं माझी, माया मात्र तीच आहे,
जा जा देवळात माये, बाळ तुझी वाट पाहे.*

सेराफीनानं पुडक्याची गाठ सोडायचा प्रयत्न केला, ती सुटेना, तेव्हा कागदच फाडला. शाल दोईनाच्या ओल्या खांद्यांवर टाकली आणि उगाचच तिची चुणी सारखी करत राहिली.

"'र' जरा मऊ काढ," ती शेवटी म्हणाली. "आणि रविवारी पहाटे थंडी असते तिथं. मोजे आहेत का तुझ्याकडे? फादरांना फोन लाव रे, सावे. म्हणावं, कर्णा काढा तो."

"फोन? देवाच्या दारात?" सावेरियो म्हणाला.

"गप. लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना दोईना आपली पिशवी घेऊन मागचं दार उघडायला गेली. सेराफीनानं तिला दंडाला धरून पुढे आणलं.

"इथं बस. मागं वास येतो."

"मावशी, पण तुम्हाला मळमळतं ना? काल सावेरियोकाका सांगत होते."

"आता नऊ तास तू सांगणार आणि मी विचारणार," मागच्या सीटवर बसून पाण्याच्या बाटल्या पायाशी सरकवत सेराफीना म्हणाली. "मळमळायला वेळ कुठला? आणि ऐक, पहिल्यांदा मुलाचं नाव सांग. तेवढं मी विचारतेय."